साडेबावीस इंचांची गिटार

१८ जानेवारी १९५९, मुकुटबन

नलू रुसून भावाकडे गेली त्याले आज नऊ दिवस झाले. ही वही तिचीच आहे. वाचाले शिकाच्या वर्गासाठी आणली होती. पहिल्या चार पानांवर तिची बाराखडी आहे, पाचव्यापासून मी लिहून राह्यलो. घरात लेकरूबाळ नाही, बोलाले कोणी नाही. चुलीशी माणूस किती बोलन?

झालं ते सरळ लिहितो. आठ तारखेले आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता, विहारासाठी ठेवलेल्या जागेवर. मी गिटार वाजवतो, नलू अन् मी गातो. त्या दिवशी तिनं गिटार आपल्या मांडीवर घेतली अन् म्हणे, आज एक गाणं मी वाजवून म्हणते. मी सुतारकामाले गेलो की मागं गुपचूप शिकत होती म्हणते. पण तिचा हात उल्लीसा, लेकराएवढा. मानेवर आडव्या तारा बसवल्या असतात, ते पडदे; एक बोट पहिल्या पडद्यावर ठेवलं तर करंगळी चौथ्यावर पोचेना, तार खर्र खर्र कराले लागली. मले हासू आलं. मी म्हटलं, "अवं, तो हात भाकर थापाचा हाय, गिटारीचा नाही." पार्टी हासली, समोरचे दोनशे लोक हासले. मारेगावहून तिचा भाऊ बळीराम आलता, तोही हासला. नलूनं गिटार खाली ठेवली, सारी गाणी नीट म्हटली, अन् सकाळी बळीरामच्या गाडीत बसून गेली.

गमतीत बोललो होतो. गमतीचा एवढा राग असते का?

मथुराआत्या, म्हणजे माझ्या बापाची बहीण, भिंतीले भिंत लागून राहते. सकाळीच म्हणे, "उकंड्या, जाय, घेऊन ये तिले." मी म्हटलं, आत्या, माझं नाव धर्मपाल आहे. दीक्षा घेतली तवाच उकंडा मेला. अन् रुसल्या बायकोले साडी-नारळ घेऊन आणाले जाणं हा जुना रिवाज. आपण जुने रिवाज सोडले. ती आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईन.

२७ जानेवारी

अजून आली नाही.

आज गिटार खुंटीवरून उतरवली. ही नागपूरची आहे. रेल्वेच्या कारखान्यात मी डब्यांचा सुतार होतो. फोरमन साहेबाच्या गिटारीची मान मोडली तवा मी अशी जोडली की सांधा सापडत नव्हता. साहेब विलायतेले गेले तवा मलेच देऊन गेले. गावात आधी हिले लोकं मोठं तुणतुणं म्हणत. म्हणा बापा! माझा बाप सनई वाजवे, लोकांच्या लग्नात, मांडवाच्या बाहेर, उन्हात उभा राहून. छप्पनच्या साली आम्ही सनई, डफडं सारं खाली ठेवलं. या गिटारीले कोणी कधी मांडवाच्या बाहेर उभं केलं नाही, म्हणून मले ती जिवापाड आहे.

तर आज मोजली. खाली जिच्यावर तारा टेकतात ती घोडी. तिथून मानेच्या वरच्या पट्टीपर्यंत साडेपंचवीस इंच. तेवढीच तार वाजते. मी त्याले तारेचा पल्ला म्हणतो. पल्ला लांब म्हणून पडदे दूर दूर, पडदे दूर म्हणून नलूचं बोट पोचत नाही. म्हणजे दोष हाताचा नाही, लाकडाचा! मग लाकूडच छोटं करू. तीन इंच पल्ला कमी, साडेबावीस. तिच्या हाताची गिटार झाली म्हणजे धावत येईन. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

९ फेब्रुवारी

मानेले सागवान घेतलं, पोटाले शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या. शिवण हलकी असते, तिच्यातून आवाज चांगला निघते. साहेबाच्या गिटारीत तारा टेकाच्या दोन्ही पट्ट्या हाडाच्या आहेत. हाडाले मी हात लावत नाही, मेलेली ढोरं ओढाचं, हाडं वेचाचं काम आम्ही सोडलं ते सोडलं. तेंदूच्या खोडातला काळा गाभा काढला अन् त्याच्या पट्ट्या घासल्या. हाडासारख्याच कडक झाल्या, अन् दिसाले देखण्या.

बंजारा तांड्यावरचा पूनमसिंग पंधरा दिवसांआड गाडी घेऊन मारेगावच्या बाजाराले जाते. आज येऊन बसला. म्हणे, "नलूबाई भेटलती. पुसत होती, तुह्या गाडीचा आरा बसवला का म्हणून."

आमच्या बैलगाडीच्या चाकाचा आरा! दिवाळीत मोडला तवापासून तिनं डोकं खाल्लं होतं. भावाकडे बसूनही आऱ्याचीच काळजी. मी म्हटलं, "सांग तिले, सध्या वेळ नाही. गाडी कुठं पळून नाही चालली." पूनमसिंग माझ्या तोंडाकडे पाहतच राह्यला. चांगला माणूस आहे, पण जरा भोळा.

२५ फेब्रुवारी

आज पडद्यांच्या खाचा पाडल्या. सारी अक्कल इथंच लागते. जुन्या गिटारीत पहिला पडदा वरच्या पट्टीपासून एक इंच तीन सुतांवर (इंचाचे आठ सूत), जरा जास्तच. पुढं पुढं जागा कमी कमी होत जाते. बाराव्या पडद्याशी तार बरोबर अर्धी होते. मले तीन इंच कमी कराचे, म्हणजे बाराव्यापर्यंत दीड इंच. दीड इंचाचे बारा सूत. बारा पडदे, बारा सूत! प्रत्येकाकडून एक एक सूत घेतलं. कोणाले जास्त नाही, कोणाले कमी नाही. आपल्या धम्मातही बराबरी अन् गिटारीतही बराबरी. असा हिशोब नागपूरच्या कारखान्यातही कोणी केला नसता.

नलू राह्यली असती तर तिले समजावून सांगतलं असतं. तिले समजलंही असतं. हे कधी तिच्या तोंडावर म्हटलं नाही मी.

६ मार्च

सत्यानाश.

तारा लावल्या. मोकळी तार बरोबर. बारावा पडदा बरोबर. अन् मधले सारे चढे! पाचवा, सहावा, सातवा तर तोंडात लिंबू पिळल्यासारखे. तारा बदलल्या, घोडी इकडं केली, तिकडं केली. बारावा सुधारला की बाकी बिघडतात. खोटं बोलणाऱ्या माणसासारखी झाली आहे ही गिटार. पहिलं खरं, शेवटचं खरं, मधलं सारं खोटं.

मान कोपऱ्यात फेकली. आत्यानं भाकर आणली तर तिच्यावरही ओरडलो. ती भाकर ठेवून गेली.

१२ मार्च

पूनमसिंगची बायको बिजलीबाई पेटीचा कोयंडा जोडाले आली होती. कोपऱ्यातली मान पाहून म्हणे, "हे काहून फेकलं?" मी सारं सांगतलं. एवढा राग आला होता की कोणालेही सांगतलं असतं, बैलालेही.

तिनं आयकून घेतलं अन् हासली. म्हणे, "भाऊ, आमी मायच्या काचळीवरून, म्हणजे चोळीवरून, पोरीची काचळी बेततो तवा बाहीतून चार बोटं काढतो, गळ्यातून एक. साऱ्यातून चार चार काढले तर पोरीचा गळाच राहणार नाही."

मी उठून उभाच राह्यलो. जुन्या गिटारीवर दोरा धरला. साऱ्या पल्ल्याचे अठरा भाग पाडले. पहिला पडदा बरोबर पहिल्या भागावर! आता उरला तो दोरा घेतला, त्याचे पुन्हा अठरा. दुसरा पडदा तिथंच. उरलं त्याचा अठरावा, पुन्हा उरलं त्याचा अठरावा. ज्याच्याजवळ जेवढं आहे त्याच्या मानानं घ्याचं, साऱ्यांकडून सारखं नाही. साडेबावीसचा अठरावा भाग सव्वा इंच. काय सरळ आकडा निघाला!

बिजलीबाई जाता जाता म्हणे, "नलूबाईचा हात मोजला का पण?" मी म्हटलं, मोजाचा कायले, नऊ वर्षं पाहून राह्यलो. पण ती गेल्यावर आठवून पाह्यलं, तिची करंगळी कशी आहे ते मले आठवेना.

२ एप्रिल

नवी मान झाली. पडदे खरे बोलून राह्यले. चार बोटं चार पडद्यांवर आरामात बसतात, माझी तर दाटीनं बसतात.

पण नवं दुखणं आलं. तारा त्याच, सूर तोच, अन् तार ढिली. पल्ला कमी झाला की त्याच सुराले ताण कमी लागते. रुपयाच्या जागी बारा आणेच जोर राह्यला. बोटाले मऊ, हे चांगलं. पण जोरानं छेडली की तार पडद्यावर आपटते अन् खरखर करते. आवाजही बसका, गोधडीखालून कोणी बोलावं तसा. जाड तारा लावल्या तर ताण येईन, पण जाड तारा मुकुटबनात कुठून आणू?

पूनमसिंग बाजारावरून आला. "नलूबाईनं पुसलं, जयंतीले मुकुटबनची पार्टी मारेगावले येऊन राह्यली का?"

मी म्हटलं, सांग, यंदा केळापूरचं बोलावणं घेतलं. तिले पार्टीची लय चिंता. बाईच्या आवाजाशिवाय आमचं कसं होईन, हेच पाहत असन. होईन बरोबर, म्हणाव.

पूनमसिंग म्हणे, "धर्मपालभाऊ, तुले खरंच समजत नाही का?" मी म्हटलं, काय? तो म्हणे, "काही नाही," अन् बैल हाकलून गेला. मनात होतं ते बोलून जावं की नाही माणसानं!

१५ एप्रिल

काल केळापूरले जयंती झाली. नलूच्या ओळी कोणी म्हणाच्या हे ठरलंच नव्हतं. आमचा ढोलकीवाला श्रावण म्हणाले गेला, तर समोरच्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या. मग त्या ओळी आल्या की मी नुसती गिटार वाजवत राह्यलो. जिथं तिनं उचलाचं तिथं काहीच नाही. तिथं तिथं माझा हात चुकला. लोकांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

घरी आलो, सवयीनं दोन गिलास पाणी भरलं. एक परत माठात ओतलं. खोटं कायले लिहू, मले रडू आलं.

आत्या म्हणे, "आतातरी जाय." मी पुन्हा जुना रिवाज, जुना रिवाज केलं. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "उकंड्या, बावीस प्रतिज्ञा मलेही तोंडपाठ हायेत. बायकोले आणाले जाऊ नोको, हे कितव्या प्रतिज्ञेत हाय? सांग बरं."

मी म्हटलं, तुले नाही समजत ते. ती गेल्यावर मनात एक एक प्रतिज्ञा मोजून पाह्यली. नाही कुठंच.

२३ एप्रिल

आज एक गोष्ट समजली. ती लिहूनच ठेवतो.

ढिल्या तारेचा इलाज शोधत होतो. जाड तार नाही तर सूरच चढवून पाहू म्हटलं. एक पडदा वर चढवला, थोडं सुधारलं. दोन पडदे वर चढवला अन् काय सांगू! खरखर गेली, ताण जुन्या गिटारीएवढा आला, आवाज मोकळा झाला. एवढीशी गिटार, पण सारं घर भरून वाजली. हिले माझ्या सुरात राहाचंच नव्हतं. मीच तिले खाली ओढून धरलं होतं.

अन् तो सूर मले ओळखीचा वाटला. नलू वावरात एकटी निंदताना गाते, तो. पार्टीत ती कधी त्या सुरात गायली नाही, कारण पार्टीची पट्टी म्हणजे माझी पट्टी. नऊ वर्षं ती माझ्या पट्टीत गायली. खालच्या ओळीवर तिचा आवाज दबे, अन् मी साऱ्यांसमोर म्हणे, "नलू, जेवली नाही का आज?" तिनं कधी म्हटलं नाही की पट्टी वर घ्या म्हणून. की म्हटलं होतं? एकदा वणीच्या कार्यक्रमाआधी काहीतरी म्हणत होती, मी खुंट्या पिळत होतो, आयकलं नाही.

त्या सुरात मी गाऊन पाह्यलं. दुसऱ्याच ओळीत गळा फाटला. ही गिटार झाली तर तिचीच झाली, माझी नाही.

८ मे

पूनमसिंग बाजारावरून आला. मी बाहेरच उभा होतो. म्हटलं, "काय पुसलं?"

"काही नाही पुसलं."

"भेटली नाही का?"

"भेटली ना. बळीरामच्या ओसरीवर बायांचा वर्ग घेऊन राह्यली, स्वतः शिकली तेवढी बाराखडी त्यांले शिकवते. वीस-पंचवीस बाया असतात. मी थोडा वेळ उभा राह्यलो. तिनं हात जोडले, अन् फळ्यावर लिहाले लागली."

बरं आहे. कामाले लागली, आनंदात असन. आरा नाही पुसला, पार्टी नाही पुसली, काहीच नाही पुसलं. ते पुसत होती तवा मी उडवून लावत होतो, आता पुसत नाही तर मीच पुसून राह्यलो.

दुपारी गाडीचा आरा बसवला. चाकाले लोखंडी धाव चढवली, आसाले वंगण दिलं.

२० मे

उद्या निघतो मारेगावले, वाटेत एक मुक्काम. परवा बुद्ध जयंती आहे. गिटार धोतरात गुंडाळली. बिजलीबाईनं गाडीत जाड गोधडी अंथरून दिली. म्हणे, "येताना नलूबाईची पाठ दुखाले नोको."

आत्यानं इचारलं, तिथं जाऊन काय म्हणशीन? मी म्हटलं, म्हणाचं काय त्यात, गिटार पाह्यली की समजूनच जाईन तिले. आत्या म्हणे, "तोंड देल्लं हाय ना तुले?" बायांले साऱ्या गोष्टी तोंडानंच पाहिजे असतात.

तरी वाटेत पाठ करून ठेवीन. नलू, मी चुकलो, घरी चाल. एवढं काही जड नाही.

२४ मे

आज परत आलो. बैलांले चारा टाकला अन् लिहाले बसलो.

परवा पोचलो तवा बळीरामच्या ओसरीवर जयंतीचे लोक जमले होते. नलू पांढऱ्या लुगड्यात. वाळली आहे थोडी. तिनं पाण्याचा तांब्या आणून देल्ला, म्हणे, "बसा." पाव्हण्याले म्हणतात तसं.

मी धोतर सोडून गिटार तिच्यासमोर ठेवली. तिनं ती पाह्यली. काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग मांडीवर घेतली. तिचं बोट पहिल्या पडद्यावर, करंगळी चौथ्यावर, अलगद, काहीच ताण नाही. तिनं छेडली, अन् वंदनेनंतर म्हणतो ते आमचं गाणं म्हणाले लागली. तिच्या पट्टीत. बापा रे! तो आवाज मी नऊ वर्षं दाबून ठेवला होता.  मी दुसरी ओळ उचलाले तोंड उघडलं अन् मिटलं. तिथंपर्यंत माझा आवाज पोचत नाही.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नलूनं माझ्याकडे पाह्यलं अन् हळूच इचारलं, "तुमी गिटार पोचवाले आले, का मले न्याले आले?"

वाटेतले बारा कोस मी तेच घोकत आलतो. पण बळीराम पाहत होता. साऱ्या बाया पाहत होत्या. मुकुटबनात हासले होते त्यांतले दोघं-तिघं तिथंही बसले होते. मले वाटलं, आता बायकोले हात जोडीन तर हे हासतील. अन् माझ्या तोंडून निघालं, "गिटार पोचवाले आलो."

नलूची मान हलली. जसं काही तिले हेच माहीत होतं. म्हणे, "मंग पोचली."

अन् बायांकडे वळून बसली. थोड्या वेळानं मी उठलो. गाडीपर्यंत कोणी आलं नाही. मागून तिचा आवाज येत होता, बायांले गाणं शिकवत होती. वेशीच्या बाहेर निघालो तरी येत होता. दोन दिवस गोधडी मागं तशीच अंथरलेली, मले वळून पाहवलं नाही.

२५ मे

आत्याले सारं सांगतलं. वाटलं ओरडन. ती खाली बसली अन् म्हणे, "ते पोरगी चार महिने रस्त्याकडं पाहून राह्यली, अन् तू तिले लाकूड देऊन आला."

रिवाज सोडला म्हणून मी गेलो नाही, हे खोटं होतं. वहीत तरी कबूल करतो. मी भेत होतो. ती नाही म्हणन अन् लोकं पाहतील, याले भेत होतो. मी तिले न्याले गेलतो. नलू, मी तुले न्याले आलतो.

उद्या पहाटे पायी निघतो. गाडी नेत नाही, रिकामी गाडी परत आणणं मले पुन्हा सोसणार नाही. ओसरीवर जेवढे असतील तेवढ्यांच्या समोर म्हणीन. नाही म्हणाली तर तेही तिच्या तोंडून पुरतं आयकीन, मध्ये बोलणार नाही. हासले तर हासू द्या.

आत्यानं वाटेसाठी भाकर बांधून ठेवली आहे. मी म्हटलं, येताना दोघं असलो तर? जरा जास्त बांध.

आत्या म्हणे, "ते नलूच्या हातात हाय. तू आपल्या एकाची ने."